निर्बंधांचा हिशेब

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि काही दिवसांतच पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्या देशाची सुमारे तीनशे अब्ज डॉलरांची गंगाजळी गोठविली. एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भाकीत केले की, त्या वर्षी रशियाचे राष्ट्रीय उत्पन्न साडेआठ टक्क्यांनी घटेल. सुधारित आकड्यांप्रमाणे ती घट दोन टक्क्यांहूनही कमी ठरली. २०२३ मध्ये तर साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढ झाली. तेव्हा निर्बंध फोल ठरले, असा डांगोरा एका पक्षाने पिटला. दुसरा पक्ष त्यांच्या यशाचे गोडवे गातच राहिला. आमच्या मते दोघांचीही चूक एकच आहे, आणि ती मापाची आहे.

राष्ट्रीय उत्पन्न ही एक बेरीज आहे. कारखान्यातून मोटार बाहेर पडो वा रणगाडा, बेरजेत दोन्ही जमाच. २०२२ मध्ये रशियातील मोटारींचे उत्पादन आदल्या वर्षाच्या एकतृतीयांशावर आले. शस्त्रांचे कारखाने मात्र भरभराटीस आले. रुबलचे बळही असेच फसवे. मार्चमध्ये कोसळलेले ते नाणे जूनमध्ये युद्धापूर्वीहून वधारले, ते आयात आटल्याने, तेलाचे भाव चढल्याने आणि भांडवल बाहेर नेण्यावर बंधने आल्याने. बाजारात माल मिळत नाही म्हणून खिशात उरलेल्या पैशास कोणी सुबत्ता म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेस व्याजाचा दर २१ टक्क्यांवर न्यावा लागला, यावरून त्या वाढीचा ताण कळून येतो.

खरा प्रश्न काय घडले हा नसून, निर्बंध नसते तर काय घडले असते, हा आहे. त्याचे उत्तर अनुमानानेच काढावे लागते. त्यात युद्धाचा खर्च, तेलाचे भाव आणि निर्बंध यांचा वाटा वेगळा करणे अत्यंत कठीण. शिवाय ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच हाती गुणपत्रिका! २०२२ मध्ये रशियाने जकातीचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध करणे थांबविले. अभ्यासकांना त्याच्या गिऱ्हाइकांच्या नोंदींवरून त्याचा व्यापार ताडावा लागला.

आकड्यांवरील अंधविश्वास किती महाग पडतो, हे इराकने दाखविले आहे. १९९० च्या निर्बंधांमुळे तेथे पाच लाख बालके दगावली, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्या समजुतीस १९९९ च्या पाहणीने बळ दिले होते. २००३ नंतरच्या पाहण्यांत बालमृत्यूंची तशी वाढ आढळली नाही. सद्दाम राजवटीने आकड्यांत फेरफार केला, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. म्हणून इराकी जनतेचे हाल खोटे ठरत नाहीत. दुःख खरे होते; आकडा खोटा होता.

हा वाद आपल्याही दाराशी आला आहे. २०२२ पूर्वी भारताच्या खनिज तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता; पुढे तो एकतृतीयांशाच्या वर गेला. त्याच कारणास्तव अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर २५ टक्के जादा जकात लादली. निर्बंधांची झळ लक्ष्याच्या पलीकडे, तिऱ्हाइताच्या गिरण्यांपर्यंत पोहोचते ती अशी. त्या झळीची नोंद रशियाच्या उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात सापडणार नाही.

निर्बंध हे रक्तपाताविना वापरावयाचे शस्त्र मानले जाते. परंतु कोणास किती जखम झाली हे पाहिल्यावाचून शस्त्र चालवीत राहणे, हे शहाणपणाचे नाही आणि न्यायाचेही नाही. निर्बंध लादणाऱ्यांनी एका टक्केवारीवर विसंबू नये. लष्कराची शक्ती किती खचली, सामान्य घरातील चूल किती मंदावली आणि तिऱ्हाइतास काय भुर्दंड पडला, हे तिन्ही हिशेब त्यांनी वेगवेगळे मांडावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.