सुकू दे जरा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नखांत अजून राखाडी रंग आहे, तो का आहे ते सांगतो.

मध्यंतरी ऑफिसात डबा खाताना गायतोंड्यांचा विषय निघाला. चित्रांचा नाही हं, पैशांचा. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं, आणि त्यानंतरही आकडे चढतच राहिले. एकाने मोबाईलवर त्यांचं कुठलंसं चित्र काढून दाखवलं. दुसरा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "यात काय आहे? हे तर कुणीही करेल."

मी वाद घातला नाही. (वाद घालायला स्वतःला कळावं लागतं.) पण गोवंडीला उतरेपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं. कुणीही करेल ना, मग आपण करून बघू. माझी चित्रकला म्हणजे शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड. 'कुणीही' या शब्दात मी अगदी फिट बसतो.

आधी थोडं गायतोंड्यांविषयी. जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं. वाढले गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली जे. जे. मधून डिप्लोमा. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री, पुढे दिल्लीला गेले आणि २००१ साली तिथेच वारले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना फारसं पटायचं नाही. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. सतीश नाईकांनी संपादित केलेलं त्यांच्यावरचं जाडजूड मराठी पुस्तक २०१६ साली आलं, ते एका मित्राकडून आणून वाचलं. (मित्रा, परत देतोय. रंगाचा एकच ठिपका पडलाय, मागच्या कव्हरवर.)

मला खरी गंमत वाटली ती त्यांच्या हत्यारांची. ब्रश बाजूला ठेवून हा माणूस रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचा. रोलर, म्हणजे भिंती रंगवायची जात. रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, त्यावर दुसरा पातळ थर, मध्ये फाडलेले कागद वापरून कुठे रंग ठेवायचा, कुठे उचलायचा. म्हणून त्यांच्या चित्रात खालचं काहीतरी वर येतंय असं वाटत राहतं. पाण्याखालचा दगड दिसावा तसं.

रोलर म्हटल्यावर मला मामाच आठवणार. आमच्या मामाने चाळीस वर्षं भिंती रंगवल्या. चेंबूर, देवनार, अणुशक्तीनगरातली क्वार्टर्स, सगळीकडे कंत्राटदाराच्या हाताखाली. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोठा चित्रसंग्रह सुरू केला, त्यात गायतोंडेही आहेत. आणि भाभांच्याच माणसांच्या घरांच्या भिंतींना मामाचा रोलर. ही सांगड मला फार आवडली होती. ती मामाला ऐकवून टाळी घ्यायची असंही मी ठरवून ठेवलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

तर सामान. दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्डचा तुकडा, चार इंची रोलर, घरातले उरलेसुरले ऑइल पेंटचे डबे, टर्पेंटाइन, जुने पेपर. गायतोंड्यांचे रंग हे नव्हेत, ठाऊक आहे. पण शिकाऊ माणसाने महागडे रंग वाया घालवायचे नसतात.

पहिला रविवार. उत्साहात निळ्यावर पिवळा फिरवला, निळा ओला असतानाच. दोन मिनिटांत बोर्डावर शेवाळ तयार. पुसून टाकला.

दुसरा रविवार. राखाडी थर दिला, अर्ध्या तासाने वर्तमानपत्राचा तुकडा दाबला आणि उचलला. म्हणजे उचलायला गेलो. निम्मा कागद बोर्डावरच राहिला, राशिभविष्यासकट. माझ्या राशीला 'धीर धरा' असं निघालं असतं तर हा लेख फार छान झाला असता, पण क्रिकेटचा धावफलकसुद्धा मध्ये आला होता आणि काहीच नीट वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मामा आला. बोर्ड बघून म्हणाला, "हे काय चाललंय?" मी पुस्तकातलं एक चित्र पुढे केलं. चष्मा वर करून त्याने ते डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. बोट फिरवत म्हणाला, "खालचा हात पूर्ण सुकवून घेतलाय. वरचा पातळ केलाय. आणि इथे अर्धवट सुकल्यावर उचललाय बघ." लिलाव नाही, अमूर्त नाही, थेट कामावर.

मग मला शिकवलं. रंगाला बोट लावायचं. बोटाला रंग लागता कामा नये, पण बोट किंचित ओढलं गेलं पाहिजे. ती वेळ सापडली की कागद दाबायचा. त्याआधी सगळं येतं, त्यानंतर काहीच येत नाही. आम्ही दोघं बोर्डासमोर चहा घेत बसलो. बायको म्हणाली, "मामा, तुम्ही तरी यांना समजवा, रंगाच्या वासाने पोरीचं डोकं दुखतंय." मामाने खिडकी उघडली आणि पुन्हा येऊन बसला.

वेळ झाली. कागद दाबला, उचलला. आणि बोर्डावर एक जागा उमटली! राखाडीतून खालचा निळा, कडा फाटलेल्या, मध्येच कुठे रंगाची साय राहिलेली. मी ती ठरवून काढली नव्हती, पण ती बरोबर होती. हात पुसायला मोरीत गेलो.

परत येतो तो मामाने रोलर हातात घेतलेला, आणि ती जागा गायब. एकसारखा राखाडी, सुंदर, सपाट.

"मामा, अरे काय केलंस?"

"डाग राहिला होता," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. "अरे... ते ठेवायचं होतं होय?"

तेव्हा वातावरण हलकं करायला मी माझं पाठ केलेलं वाक्य काढलं. "जाऊ दे रे. तू पण कलाकारच की. गायतोंडे आणि तू, हत्यार एकच."

मामा चिडला. मी त्याला असं चिडलेलं क्वचित बघितलंय. "उगाच काहीतरी बोलू नकोस. त्या माणसाला सुकेपर्यंत बसता यायचं. मला कधी कुणी बसू दिलं? लांबी ओली असताना प्रायमर मारायला लावायचे. आठ दिवसांत दोन खोल्या द्या. आणि माझा हात कुठे दिसला तर पैसे कापायचे. चाळीस वर्षं हात दिसू नये म्हणून काम केलंय मी. आता एकदम कलाकार कुठून?"

मी गप्प बसलो. टाळी राहिलीच.

आता माझं मत सांगतो. 'हे कुणीही करेल' हे वाक्य चूक आहे, हे तीन रविवारांत हाताने कळलं. पण 'सगळेच कलाकार असतात' हे माझं वाक्यही तितकंच चूक आहे, आणि ते जास्त वाईट, कारण ते गोड आहे. ते बोलून आपण मोकळे होतो. मामाच्या हाताला जे कळतं ते पुस्तक वाचून मला कळलं नाही. कमी पडली ती जाण नाही, वेळ कमी पडली. चुकायची, वाया घालवायची, बघत बसायची मुभा कमी पडली. गायतोंड्यांनीही ती मुभा फुकटात मिळवली नाही. मोजकी चित्रं करायची म्हणजे संसार, पैसा, माणसं, सगळंच मोजकं ठेवावं लागतं. तेवढी किंमत देणारे थोडे, आणि द्यायला हातात काही असणारे त्याहून थोडे.

जागेचंही तसंच. ओला बोर्ड आमच्या दोन खोल्यांत ठेवायचा कुठे? पॅसेजमध्ये ठेवला तर डंपिंगकडून येणारी धूळ बसली आणि शेजारच्या पोराची पाच बोटं उमटली. तरी गोवंडीत रंगाची हौस कमी नाही. २०२३ साली नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, तेव्हा इथल्याच पोरांनी काय काय केलं होतं! हौस आहे, हात आहेत. सुकवायला जागा नाही.

म्हणून घरात एक ठराव केलाय. मुलीचं टेबल जिथे आहे तिथली तीन फूट भिंत तिची. तिथे तिने रोलर फिरवावा, खरवडावं, कागद चिकटवावेत. दिवाळीला घर रंगवताना ती भिंत कुणी सपाट करायची नाही. बायकोने 'बघू' म्हटलंय. (आमच्याकडे 'बघू' म्हणजे सत्तर टक्के हो.) परीक्षेच्या चित्रकलेत रेघेबाहेर रंग गेला की मार्क जातात, तर निदान एका भिंतीवर जाऊ नयेत. तुमच्या घरी अशी तीन फूट निघते का बघा.

आणि मामा? तो जाताना काहीच बोलला नाही. मला वाटलं, रागावला. बुधवारी रात्री फोन आला.

"सुकला का?"

"वरून सुकलाय."

"मग नको हात लावू. रविवारी येतो. आणि या वेळेला मोरीत जाताना मला सांगून जा."