डिझेलचे कार्ड व ड्रायव्हरचा भत्ता

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संघाच्या चिटणिसांनी सुचविले, तेव्हा धान्याच्या भावाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु भावाविषयी आमचे व्यापारी बंधू वर्षभर बोलतच असतात. त्यापेक्षा आपणांपैकी ज्यांच्या दारी स्वतःच्या दोन-चार गाड्या उभ्या असतात, त्यांच्या नित्याच्या खर्चाची एक बाब मांडावी हे बरे, असे वाटले. ती बाब म्हणजे डिझेल, आणि ते भरण्यासाठी तेलकंपन्या देत असलेले कार्ड.

बेळगावच्या घाऊक बाजारातून गोव्यास तांदूळ, डाळी व कडधान्ये पाठविण्याचा आमचा व्यवहार वडिलांपासूनचा आहे. लातूर-कलबुर्गीकडून येणारा माल बहुधा भाड्याच्या ट्रकांतून येतो. त्याच्या डिझेलचा विचार ट्रकमालकाने करावयाचा, आम्ही केवळ भाडे देतो. घाटाखाली जाणारा माल मात्र आम्ही आमच्याच टेंपोंतून नेतो, आणि त्यांच्या टाक्या भरण्याचा खर्च आमच्या कीर्दीत पडतो.

पूर्वीची पद्धत वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. गावातील एका पंपावर पेढीचे खाते असे. मुनीम चिठ्ठी लिहून देई, त्यावर आमची सही असे, ड्रायव्हर डिझेल भरून घेई व महिनाअखेरीस हिशेब चुकता होई. व्याज कोणी मागत नसे. वाटेत भरावे लागले तर ड्रायव्हरजवळ रोख रक्कम असे, आणि परतल्यावर तो पावत्यांचे भेंडोळे मुनिमाच्या पुढ्यात ठेवी. त्या पावत्यांतील निम्म्या घामाने पुसलेल्या, उरलेल्या कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेल्या असत. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. जुन्या नोटा पंपांवर काही दिवस घेतल्या गेल्या, म्हणून आमच्या गाड्या कशाबशा परतल्या. पुढे २०१७ च्या अर्थसंकल्पाने एका दिवसात एका व्यक्तीस रोख देण्याची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजार रुपयांवर आणली. त्याहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही. पंपाचे महिन्याचे बिल रोखीने देण्याची आमची सवय त्याच वर्षी सुटली, आणि २०१८ मध्ये आम्ही कार्ड घेतले.

हे कार्ड बँकेच्या कार्डाहून वेगळे आहे. इंडियन ऑइलचे ‘एक्स्ट्रापॉवर’, भारत पेट्रोलियमचे ‘स्मार्टफ्लीट’, हिंदुस्थान पेट्रोलियमचे ‘ड्राइव्हट्रॅक प्लस’ या नावांनी ती मिळतात. मालकाने आपल्या खात्यात आगाऊ रक्कम भरावयाची, प्रत्येक गाडीच्या क्रमांकावर एक कार्ड घ्यावयाचे, आणि त्या कार्डावर दिवसास किती रुपयांचे डिझेल भरता येईल ती मर्यादा घालून द्यावयाची. कोणत्या गाडीने कोणत्या दिवशी कोणत्या पंपावर किती भरले, ते दुकानात बसून पाहता येते. आम्हां सीमेवर राहणाऱ्यांस याचे मोल अधिक आहे. डिझेल व पेट्रोल अद्याप जीएसटीच्या कक्षेत नाहीत. प्रत्येक राज्याचा कर निराळा, म्हणून भावही निराळा. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरील कर वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्यात जून २०१७ पासून भाव रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली. कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या तीन राज्यांत फिरणाऱ्या गाडीने कोठे टाकी भरावी हे अनुभवी ड्रायव्हर मालकापेक्षा चांगले जाणतो, आणि कार्ड तिन्ही राज्यांत चालते. मात्र ज्या कंपनीचे कार्ड, तिच्याच पंपावर. घाटाच्या आडरस्त्यावर तो पंप मिळेलच असे नाही, यास्तव थोडी रोख रक्कम ड्रायव्हरजवळ असू द्यावीच लागते.

आगाऊ पैसा कंपनीकडे पडून राहतो व त्यास व्याज नाही, ही तक्रार आमच्या बाजारात ऐकू येते. ती खोटी नाही. आठवड्यापुरतीच रक्कम भरावी म्हणजे तोटा सोसण्याजोगा राहतो. उधारीवर डिझेल देणाऱ्या योजनाही निघाल्या आहेत, परंतु मुदत चुकली की त्यांचे व्याज सुरू होते, आणि जळून गेलेल्या डिझेलावर व्याज भरणे आम्हांस तरी मानवत नाही. कंपनी बक्षिसाचे गुण देते, त्यांच्याविषयी न बोललेले बरे. आमच्या चिरंजीवांनी ते मोजण्यात जेवढा वेळ घालविला तेवढ्यात चार पोती तूर विकली गेली असती.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते सांगतो. कार्ड घेतल्यावर चोरी थांबते असा समज आहे. आमचाही होता. २०१९ च्या उन्हाळ्यात मुनिमाने महिन्याचा तक्ता पुढे ठेवला. त्यात एका टेंपोत एका वेळी एकाहत्तर लिटर डिझेल भरल्याची नोंद होती. त्या टेंपोची टाकी साठ लिटरची. पंपावरील माणसाने कार्ड एकाहत्तर लिटरांचे चालविले, टाकीत मावले तेवढे घातले, आणि उरल्याचे पैसे आपला वाटा ठेवून ड्रायव्हरच्या हाती दिले, हे उघड होते. मागील महिने तपासता दरमहा तीस-पस्तीस लिटरांचा फरक निघाला. त्या वेळच्या भावाने दोन-अडीच हजार रुपये.

तो ड्रायव्हर आमच्याकडे अठरा वर्षे होता. लाखालाखाची वसुली त्याने मडगावहून आणली होती व त्यात कधी एक रुपयाही कमी पडला नव्हता. आम्ही त्यास बोलाविले. आवाज चढवावा अशीच आमची मनःस्थिती होती. त्याने नाकारले नाही. तो एवढेच म्हणाला, “मालक, दोनशे रुपयांत मडगाव होत नाही. तुम्ही एकदा माझ्यासंगं चला.”

आम्ही गेलो. मध्यरात्री निघालो, पहाटे मडगावी पोहोचलो. हमाल दुपारी आले. माल उतरण्यास सायंकाळ झाली. दोन वेळचे जेवण, तीनदा चहा, गाडी उभी करण्याचे पैसे, आणि हमालांस लवकर हात लावावा म्हणून द्यावी लागणारी चिरीमिरी, जिची पावती कोणी देत नाही. परतताना घाटात गाड्या अडकल्या, म्हणून मुक्काम पडला. आम्ही स्वतः मोजले, तेव्हा चारशेवर खर्च झाला होता. आमचा भत्ता दोनशेच होता, आणि तो कधी ठरला होता हे मुनिमासही आठवेना. उरलेले दोनशे कोठून येत होते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. उत्तर ठाऊक असल्यामुळेच विचारला नव्हता, असे आज प्रांजळपणे म्हणावेसे वाटते. डिझेलातून थोडे काढणे हा त्याच्या भत्त्याचाच न लिहिलेला भाग होता. चिठ्ठीच्या काळी तो दिसत नसे. कार्डाने तो तारीख-वेळेसह उघडा केला.

आम्ही त्या महिन्यापासून एका फेरीचा भत्ता साडेतीनशे केला आणि मुक्कामाचे निराळे धरले. महिन्यास बारा फेऱ्या, म्हणजे वाढ अठराशे रुपयांची. तक्त्यातील फरक पुढील दोन महिन्यांत जवळजवळ नाहीसा झाला. पंपावरील त्या माणसाचा वाटा तेवढा आमचा वाचला.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, कार्ड घेण्यापूर्वी भत्त्याचा दर पाहावा. आमच्या बाजारात काही ठिकाणी उलट घडले. कार्ड आले, पहिल्याच तक्त्यावर ड्रायव्हर चोर ठरला, त्यास काढून टाकले. नवा आला, तोही तीन महिन्यांत तेच करू लागला. मालक म्हणतात, माणसे प्रामाणिक राहिली नाहीत. भत्ता मात्र दहा वर्षांपूर्वीचाच. जे ड्रायव्हर भत्ता पुरेसा असूनही काढतात ते असतीलच, त्यांची बाजू आम्ही घेत नाही. परंतु पुरेसा दिल्याखेरीज ते कोण, हे कळण्याचा मार्ग नाही.

दुसरी गोष्ट मालकांच्या घरची आहे. एकट्याच्या मालकीची पेढी असली की दुकानाचा खिसा व घरचा खिसा यांत भिंत राहत नाही. दुकानाच्या कार्डावर घरच्या मोटारीत पेट्रोल भरले जाते, आणि ते दुकानखर्चात जाते. कुंभोजच्या बाहुबलीस दर्शनासाठी गेलेल्या मोटारीचे पेट्रोल ‘माल वाहतूक’ या सदरात लिहिलेले आम्ही पाहिले आहे. कोठे, ते विचारू नये, कारण ती खतावणी आमचीच होती. आता घरच्या मोटारीचे कार्ड निराळे ठेवले आहे, व त्याची रक्कम थेट घरखर्चाच्या खाती नावे पडते. ज्या लहान दुकानदारांचा आयकर विक्रीवरील अंदाजी नफ्याने भरला जातो त्यांस डिझेलचा खर्च वेगळा दाखवून करात काही सूट मिळत नाही. त्यांनीही हिशेब निराळा ठेवावा. ड्रायव्हरच्या अकरा लिटरांवर बोट ठेवणाऱ्याची स्वतःची पाने स्वच्छ असावीत, इतकेच.

कार्डाची गुप्त संख्या ड्रायव्हर कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवतात व कार्ड पंपावरील पोऱ्याच्या हाती देऊन चहास जातात, हेही सांगून ठेवतो. आणि तक्ता मालकाने किंवा मुनिमाने आठवड्यास एकदा गाडीच्या किलोमीटरांशी ताडून पाहावा. न पाहिलेला तक्ता व घामाने पुसलेली पावती यांत काही अंतर नाही.

संघाच्या येत्या वार्षिक सभेत सभासदांच्या ड्रायव्हरांसाठी भत्त्याचा एक किमान दर ठरवावा, अशी आमची सूचना आहे. आमच्या पेढीवर सध्या गोव्याच्या एका फेरीस पाचशे रुपये व मुक्काम पडल्यास तीनशे अधिक देतो. ज्यांस हे अधिक वाटते त्यांनी एकदा टेंपोत बसून मडगावास जाऊन यावे, व ज्यांस कमी वाटते त्यांनी सभेत आपला आकडा मांडावा.