फिरणारी काडी, नाचणारी चिमणी

गोंदियाच्या राईस मिलमध्ये मोटर गोल फिरते, चाळणी मात्र मागे-पुढे हलते. अम्मीच्या शिलाई मशीनचे चाक गोल फिरते, सुई वर-खाली होते. हे कसे, असे मुलांनी विचारले तर खेळणेच बनवायला लावा. पुठ्ठ्याच्या चकतीला मध्य सोडून बाजूला भोक पाडा. त्यात काडी घट्ट बसवून ती खोक्यातून आडवी आरपार घाला. वरच्या भोकातून दुसरी काडी चकतीवर टेकवा. तिच्या खालच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली, वर कागदी चिमणी. आडवी काडी फिरवली की चिमणी नाचेल. अल-जझरी यांच्या १२०६ च्या ग्रंथातही फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या बाहुल्यांकडून ढोल वाजवून घेतात. चिमणी अडकली तर घाईने दुरुस्त करून देऊ नका. कुठे अडकते ते मुला-मुलींनाच शोधू द्या.