मावळे मावत नाहीत!

वीकेंडला कोडबद्दल लिहायचं नाही असा नियम केलाय. त्यामुळे आजचा विषय चिखल.

गेल्या दिवाळीत आमच्या रावेतच्या सोसायटीत किल्ला केला. रावेतमध्ये पार्किंग मिळत नाही, माती मात्र हवी तेवढी मिळते. जिकडे बघाल तिकडे खोदकाम! पोरांनी ठरवलं, यंदा नेहमीचा रायगड नको, घोडखिंड करायची. १३ जुलै १६६०, बाजीप्रभू, तीनशे मावळे. मी जाम खूश. मावळ तालुका इथून हाकेच्या अंतरावर, आणि आमची पोरं मावळे बघतात ती फक्त टीव्हीवर.

खिंड झकास जमली. १० सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरचे कडे. मग बाजारातून मावळे आले. चार इंच उंच, खाली ६ सेंटिमीटरची गोल बैठक. खिंडीत एक उभा राहिला. दुसरा काही केल्या राहीना.

"मामा, मावळे मावत नाहीत," भाचा म्हणाला.

कमिटीतल्या एका काकांनी खुरपं घेतलं आणि खिंड चांगली फूटभर रुंद करून टाकली. आता पाच मावळे ओळीत बसले. समोर गनीम, मागे कारंजं, वर एलईडीची माळ. पहिलं बक्षीस! सगळे खूश.

रात्री भाच्याने विचारलं, "मामा, एवढा मोठा रस्ता होता तर शत्रू अडला कसा? आणि कडा तर दीड मावळ्याएवढाच आहे. वरून चढून का नाही आले?"

आता बोला!

टेस्ट पास होत नाही म्हणून कुणी टेस्टच बदलली, तर आपण ऑफिसात त्याचं काय करतो? आम्ही नेमकं तेच केलं. बैठक मावत नव्हती म्हणून इतिहास रुंद केला. (नियम मोडला, माफ करा. :) )

माझं म्हणणं सरळ आहे. लढाई दाखवायची असेल तर बाहुलीच्या खालची बैठक ही बाहुली पडू नये म्हणून लावलेली चकती नसते. ती त्या सैनिकाची जमिनीवरची जागा असते. ती चुकली की सगळी लढाई चुकते.

जगभर मोठमोठी माणसं टेबलावर छोटे सैनिक मांडून, फूटपट्टी आणि फासे घेऊन लढाया खेळतात. वॉरगेमिंग म्हणतात त्याला. ही मंडळी बैठकीला 'बेस' म्हणतात आणि तिच्या मापावरून तासन्‌तास भांडतात. मला आधी हसू यायचं. आता येत नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये असा खेळ आणला तेव्हा त्यात सैनिकाची बाहुली नव्हतीच. १:८००० चा नकाशा आणि त्यावर ठोकळे. ठोकळ्याची रुंदी म्हणजे ती तुकडी खऱ्या मैदानात जेवढी पसरेल तेवढी. म्हणजे नुसता बेस! सैनिक नसला तरी चाललं, त्याची जागा चुकलेली चालली नाही.

मग एका माणसाला जागा लागते किती? व्हेजिटियस नावाचा रोमन लेखक सांगून गेलाय: ओळीत प्रत्येकी ३ फूट, आणि दोन ओळींमध्ये ६ फूट. हत्यार चालवायचं तर साधारण एवढं हवंच. आता याला आपल्या प्रमाणाने भागा, बेसचं माप मिळतं. संपलं गणित.

'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' हा १९९० सालचा खेळ बघा. १५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी बेस ४० मिलिमीटर रुंद. हे सैनिक खऱ्या माणसाच्या शंभरपट लहान. दाटीने लढणारे असतील तर एका बेसवर चार, म्हणजे प्रत्येकी १० मिलिमीटर, म्हणजे खरा एक मीटर. जवळपास तेच ३ फूट! जरा मोकळे लढणारे तीन, आणि विखरून दगड-बाण मारणारे दोनच. सैनिक २५ मिलिमीटरचे घेतले तर बेस ६० मिलिमीटर. बाहुली वाढली तशी जागाही वाढली.

उलट उदाहरणही आहे. वॉरहॅमरवाल्यांनी २०१५ मध्ये आपल्या स्पेस मरीनचा बेस २५ वरून ३२ मिलिमीटर केला. बाहुल्या धष्टपुष्ट झाल्या होत्या, त्यांना तो शोभतोही. पण १० सेंटिमीटरच्या दारात आधी चार जण खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, आता तीनच. एक माणूस कमी झाला आणि तोही तलवारीने नाही, चकतीने!

आता आमच्या चिखलाच्या खिंडीला हे लावू. (मापं आमच्या खिंडीची, खऱ्या नव्हे.) चार इंची मावळा म्हणजे माणसाच्या सतरापट लहान. त्याची ६ सेंटिमीटरची बैठक म्हणजे साडेतीन फुटांच्या आत. म्हणजे बैठक बिचारी बरोबरच होती! चूक आमची. खिंड एका प्रमाणात खोदली आणि माणसं दुसऱ्या प्रमाणात आणली. त्या प्रमाणात १५ सेंटिमीटरचा कडा म्हणजे जेमतेम साडेआठ फूट. तो तर आमचे वॉचमनही चढतील.

तेच मावळे २ सेंटिमीटरचे घ्या. प्रमाण १:८४. कडा झाला ४१ फूट, खिंड २७ फूट. एका माणसाची जागा ११ मिलिमीटर. शेजारी शेजारी नऊ माणसं, की खिंड बंद. समोर कितीही हजार असोत, एका वेळी लढणार नऊच. बाकीचे मागे उभे राहून आरडाओरडा करणार. भाच्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथे नुसती दिसतात, सांगावी लागत नाहीत.

"अरे, पोरांचा खेळ तो, एवढं काय?" असं काका म्हणाले. पोरांचा खेळ आहे म्हणूनच, काका! खिंड मैदानाएवढी दाखवली की पोरांना वाटतं, आपली माणसं नुसत्या चमत्काराने लढली. मग पराक्रमाचा जयजयकार उरतो आणि जागा कुणी निवडली, का निवडली, हा विचारच राहत नाही. बाजीप्रभूंचं मोठेपण ती जागा ओळखण्यातही होतं. ते आम्ही खुरप्याने काढून टाकलं.

एक मान्य. गडावरची सिंहासनावरची महाराजांची मूर्ती मोठीच असू द्या. ती मोजायची नसते, नमस्कार करायची असते. दुसरं, मातीची बारीक बाहुली बारीक बैठकीवर चिखलात उभी राहत नाही, कलंडते. हेही खरं. पण त्यावर उपाय बैठक फुगवणं नाही. चार मावळे एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवा. ४४ मिलिमीटर रुंद, २२ मिलिमीटर खोल (तेच ६ फूट). पट्टी पडत नाही आणि माणसाची जागाही चुकत नाही. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की १० सेंटिमीटरची खिंड जवळजवळ भरली.

तीनशे मावळे म्हणजे पंचाहत्तर पट्ट्या. बाजारात २ सेंटिमीटरचे मावळे काही मिळाले नाहीत, म्हणून शाडू आणून ठेवलाय. भाच्याने आत्तापर्यंत एकवीस मावळे केलेत, त्यातले चार मावळ्यांसारखे दिसतात. दिवाळीला वेळ आहे.

असो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटका झालेले कुणी रविवारी मोकळे असतील तर या. पट्ट्या कापायच्यात. चहा माझ्याकडून, फूटपट्टी मात्र आपापली आणा. आणि काकांना सांगू नका, खुरपं मी लपवून ठेवलंय.