एका तपासणीचे मोल

१९ जुलै २०२४ रोजी मुंबई विमानतळावर अकासा एअरला प्रवाशांचे चेक-इन हाताने करावे लागले. त्या दिवशी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बाधित झाल्याचा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. कारण सायबर हल्ल्याचे नव्हते. ‘क्राउडस्ट्राइक’ कंपनीच्या सुरक्षा प्रणालीने मेमरीतील २० नोंदींच्या यादीतून एकविसावी नोंद वाचण्याचा प्रयत्न केला. ती नोंद आहे काय, याची तपासणीच आज्ञावलीत नव्हती.

१२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउडची सेवा विस्कळीत झाली. तेथे रिकामे रकाने असलेली माहिती आली, ‘नल’ म्हणजे कोणताही पत्ता नसलेला पॉइंटर तसाच वापरला गेला आणि प्रणाली वारंवार कोसळत राहिली.

या चुकीचे मूळ सी भाषेच्या पहिल्या धड्यांत सापडते. पॉइंटर म्हणजे मेमरीतील जागेचा पत्ता. ‘मॅलॉक’द्वारे जागा मागितली आणि ती मिळाली नाही, तर उत्तरादाखल ‘नल’ येतो. तो तपासणे सर्वस्वी प्रोग्रॅमरवर सोपविलेले आहे. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतील विद्यार्थी असो वा पुण्यातील, प्रयोगशाळेत तो दहा आकड्यांपुरती जागा मागतो आणि ती हमखास मिळते. त्यामुळे तपासणी गाळल्याची शिक्षा त्याला कधीच होत नाही. सवय मात्र जडते.

केवळ तपासणीही पुरेशी नाही. ‘रिअ‍ॅलॉक’चे उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्येच साठविले आणि मागणी फसली, तर मूळ जागेचा पत्ताच हरवतो. ‘फ्री’ने परत केलेल्या जागेचा पॉइंटर ‘नल’ होत नाही. त्यामुळे तपासणीत तो निर्दोष ठरतो. शिवाय चूक आढळल्यावर घेतलेली जागा मोकळी करून अपयश वरच्या फंक्शनला कळविणे आवश्यक असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसने मेमरीबाबत सुरक्षित भाषा वापरण्याचे आवाहन केले. रस्ट ही त्यांपैकी एक. तथापि, लिनक्सचा गाभा आजही प्रामुख्याने सी भाषेतच आहे. अशा आज्ञावल्या एका रात्रीत बदलणार नाहीत. त्या सांभाळणारे हात आजच्या प्रयोगशाळांतूनच येणार आहेत.

म्हणूनच प्रात्यक्षिकात मेमरी मुद्दाम नाकारून पाहावयास हवी. लिनक्सवर ‘युलिमिट’ने मर्यादा घालून ते विनाखर्च साधते. अपयश आल्यावर प्रोग्रॅम कसा वागतो, यालाही गुण मिळाले, तरच तपासणीची ओळ वहीतून कामात उतरेल.