गटारातलं विज्ञान कोण छापणार?

माणूस मॅनहोलमध्ये उतरतो, वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी : 'विषारी वायूने गुदमरून मृत्यू.' खलास! कुठला वायू? उतरण्याआधी कुणी मोजला? उतरायला कुणी लावलं? पत्ता नाही. 2023 साली चांद्रयान उतरलं तेव्हा ह्याच पेपरांनी पानंच्या पानं विज्ञान छापलं. छापा ना, आनंद आहे. पण गटारात विज्ञान नसतं काय?

असतं. मैला हवेशिवाय कुजला की हायड्रोजन सल्फाइड होतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. मैला ढवळला की एकदम सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. दहा लाख भाग हवेत शंभरेक भाग झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. पाचशे-हजाराच्या घरात श्वासच बंद. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. काडी पेटवून बघणं तर मरणच, कारण गटारातला मिथेन भडकतो.

हे सारं पुस्तकांत जुनंच आहे. वस्तीत पोचलं नाही. गोदीत बंद होल्डमध्ये भंगार गंजून प्राणवायू खातं, हे मलाही सोबत्यानंच सांगितलं, पेपरनं नाही. विज्ञान लोकांपर्यंत न्यायच्या परिसंवादात प्राध्यापक असतो, संपादक असतो, साहेब असतो. कुठलं झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात हे ज्याला ठाऊक, तो तेवढा नसतो.

2013 साली कायदा झाला. 2014 साली सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाख द्यायला सांगितले, 2023 साली 30 लाख. मेल्यानंतरचा आकडा छापून येतो. उतरण्याआधीचा गॅसचा आकडा कुणी विचारत नाही.

तेव्हा आता आपणच वार्ताहर व्हायचं. असं मरण झालं की वस्तीत जा. सोबत डॉक्टर न्या, केमिस्ट्री शिकणारी आपली पोरं न्या. गटारात उतरणाऱ्यांना आधी बोलू द्या. वायू कुठला, मीटर होता का, हुकूम कुणाचा, उतरणारा कुठल्या जातीचा, चारही लिहा. वायूला जात नसते. त्याच्या तोंडी कुणाला द्यायचं ते जात ठरवते. लिहिलेलं आपल्या बोलीत नाक्यावर चिकटवा, आणि मोठ्या पेपरांच्या टेबलावरही नेऊन आपटा.

जय भीम!