काळ्या यादीचे परके न्यायाधीश

पालघर जिल्ह्यातील एका वनवासी वसतिगृहाचे काम पाहणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सांगितलेली ही हकिकत. मुंबईतील एका उद्योगसमूहाने आपल्या सामाजिक दायित्व निधीतून वसतिगृहाच्या सौरपंपासाठी रक्कम मंजूर केली होती. हिशेबाची कागदपत्रे ३१ मार्चपूर्वी ई-मेलने पोहोचणे एवढेच बाकी होते. पत्र तीनदा पाठविले, तीनदा परत आले. सोबत इंग्रजीत चार ओळी आणि ‘५५०’ हा आकडा. त्याचा अर्थ इतकाच की, तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे, सबब पत्र स्वीकारले जाणार नाही. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दूरध्वनी केला, तर संगणक बंद करून पुन्हा चालू करण्याचा उपदेश मिळाला! अखेर एक कार्यकर्ता कागद घेऊन मुंबईला पोहोचला, तेव्हा एप्रिल उजाडला होता. निधी अन्यत्र वळला आणि वसतिगृहातील मुली आणखी एक उन्हाळा डोक्यावर हंडे वाहत राहिल्या.

या मुलींचा गुन्हा कोणता? वसतिगृहाच्या संगणकावरून एकही उपद्रवी पत्र गेले नव्हते. त्याच कंपनीच्या त्याच पत्तासमूहातील दुसऱ्या कोणाचा तरी संगणक विषाणूने ग्रासलेला होता आणि त्याच्या नकळत जगभर जाहिराती उधळीत होता. शिक्षा मात्र साऱ्या आळीला झाली.

प्रस्तुत लेखक तंत्रज्ञ नाही. परंतु न्याय-अन्याय कळण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरातीचे पत्र धाडले. तेथून ‘स्पॅम’ नावाच्या उपद्रवाची गंगोत्री सुरू झाली. त्याला आवर घालण्यासाठी १९९७ साली अमेरिकेत पहिली काळी यादी आली आणि १९९८ साली लंडनमध्ये ‘स्पॅमहाउस’ ही संस्था उभी राहिली. पद्धत सोपी आहे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. पत्र दाराशी आले की, स्वीकारणारा सर्व्हर क्षणार्धात यादीला विचारतो, ‘हा क्रमांक तुमच्याकडे आहे काय?’ उत्तर ‘होय’ आले की दार बंद.

या यादीकारांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांनी पहारा दिला नसता, तर आपल्या सर्वांच्या पत्रपेट्या केव्हाच उकिरडे झाल्या असत्या. यादी ही केवळ मत आहे, पत्र अडवितो तो स्वीकारणारा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो शब्दशः खराही आहे. परंतु ज्याच्या ‘मता’वर जगातील असंख्य सर्व्हर डोळे मिटून अंमल करतात, त्याचे मत हा निकालच असतो. आणि ज्या निकालापूर्वी आरोपीला नोटीस नाही, सुनावणी नाही, त्याला न्याय म्हणावे काय? २००६ साली अमेरिकेतील एका जाहिरात कंपनीने स्पॅमहाउसविरुद्ध एक कोटी सतरा लाख डॉलरचा एकतर्फी हुकूमनामा मिळविला. २०११ साली अपिलात भरपाई उरली अवघी तीन डॉलर! तो वादी सहानुभूतीस पात्र होता असे आम्ही म्हणत नाही. पण जेथे अमेरिकी कंपनीला पाच वर्षे न्यायालयात झगडून तीन डॉलर मिळतात, तेथे पालघरच्या वसतिगृहाने कोणत्या न्यायासनासमोर उभे राहावे?

काही याद्यांची तऱ्हा याहून अजब. ‘यूसीई-प्रोटेक्ट’च्या तिसऱ्या पातळीच्या यादीत एकेका सेवा कंपनीचे अवघे जाळेच नोंदविले जाते, आणि नाव तातडीने काढून हवे असेल, तर शुल्क मोजावे लागते. ज्याने गुन्हा केला नाही, त्याने सुटकेचे पैसे भरायचे! हा न्याय आपल्या देशाने पूर्वी पाहिला आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या तांड्यात जन्मला हे पाहिले जाई. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. त्याचा डाग पुसण्याचे काम यमगरवाडीसारख्या प्रकल्पांतून आजही चालू आहे. भटक्या-विमुक्तांच्या त्या यातनांची तुलना परत आलेल्या पत्राशी होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु समूहाला दोषी ठरवून मोकळे होण्याची वृत्ती तीच आहे.

हा प्रश्न केवळ लहान संस्थांचा आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘झोहो’ या चेन्नईच्या कंपनीचे महाजालावरील नावच तिच्या अमेरिकी नोंदणीदाराने फसव्या पत्रांच्या मोजक्या तक्रारींवरून बंद केले. लक्षावधी ग्राहकांचे व्यवहार ठप्प झाले आणि संस्थापकांना समाजमाध्यमावर जाहीर विनवणी करावी लागली. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या ‘नायरा एनर्जी’ची ई-मेल सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांमुळे थांबविली, कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा काही दिवसांनी ती पूर्ववत झाली. कारणे वेगळी असली, तरी तात्पर्य एकच. घर आपले, कुलूप आपले, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला!

पण सारा दोष परक्यांवर ढकलणे हा आत्मवंचनेचा सोपा मार्ग होय. काळ्या यादीत आपले पत्तासमूह जातात, कारण आपल्या सेवा कंपन्या आपल्या अंगणातील कचरा झाडीत नाहीत. परदेशातून आलेल्या तक्रारी वाचण्यास माणूस नाही. बाधित ग्राहकाला कळविण्याची तसदी नाही. मासिक देयक मात्र तारखेला हजर! शासनाने २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ उभारले, हे स्तुत्यच. परंतु कायद्याचे काय? अमेरिकेने स्पॅमविरोधी कायदा २००३ साली केला. आपल्याकडे २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ‘६६ अ’ या कलमात उपद्रवी ई-मेलचा उल्लेख होता. ते कलम नागरिकांच्या अभिव्यक्तीच्याच मुळावर उठले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. दूरध्वनी व लघुसंदेशांसाठी दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आहेत. ई-मेलच्या स्पॅमसाठी म्हणून स्वतंत्र कायदा आजही नाही. आपण आपले चोर पकडणार नसू, तर शेजारी आपल्या साऱ्या गल्लीलाच चोर म्हणणार, यात नवल ते काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सेवा कंपनीचा पत्तासमूह काळ्या यादीत गेला, तर ग्राहकाला चोवीस तासांत कळविणे आणि नाव काढून घेण्याची खटपट स्वखर्चाने करणे परवान्याच्या अटींत असावे. तक्रार ऐकणारा नावानिशी जबाबदार अधिकारी असावा, आणि मराठी माणसाला मराठीत उत्तर मिळावे. बाधित संगणक तेवढा तोडावा, आळी नव्हे. भारतातील मोठ्या संस्थांनी परदेशी यादीला अंतिम शब्द न मानता अडविलेल्या पत्रांची फेरतपासणी करावी. स्वदेशी ई-मेल सेवांकडे केंद्र शासन वळले आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु स्वदेशी म्हणजे केवळ मालकाचे नाव स्वदेशी नव्हे, तर गाऱ्हाणे ऐकणारे दार आपल्या हाकेच्या अंतरावर असणे.

इंग्रजांच्या टपाल खात्यातही न पोहोचलेल्या पत्राचा शोध घेणारे एक कार्यालय होते. परक्या राज्यकर्त्याने पाळलेली ती किमान जबाबदारी स्वतंत्र भारतातील कंपन्यांना जड का व्हावी? वसतिगृहाला पुढच्या वर्षी पंप मिळाला. पण त्या एका उन्हाळ्यातील हंड्यांचा हिशेब कोणत्या यादीत नोंदवायचा, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.